डाव्या हाताची गिटार

धाड
१८ जानेवारी १९७०

प्रिय दादा,

जयभीम. उत्तर नेहमीसारखं माझ्या शाळेच्या पत्त्यावरच पाठव. घरी आलं तर पोस्टमन ते बाबांच्या हातात देईल, बाबा ते न उघडता चुलीपाशी ठेवतील, आणि माय ते पेटायच्या आत वाचवायला धावेल. तिचे गुडघे दुखतात आता, तिला पळवू नकोस.

या वेळी पत्राला कारण आहे. मला इलेक्ट्रिक गिटार घ्यायची आहे. हसून झालं की पुढचं वाच.

बुलढाण्याच्या जयंती कमिटीची तीन माणसं आली होती. चहा घेतला, सुपारी झाली, मग त्यांतल्या मोठ्याने बाबांना सांगितलं, "किसनराव, तुमचा गळा म्हणजे गळाच हाय, त्यात वाद नाही. पन गेल्या साली तुमचं दुसरं गानं सुरू झालं अन् अर्धा मंडप उठून चहाले गेला. पोराइले करंटवरचं वाद्य लागते आता. ह्या साली गिटार घेऊन या. नाही तं पुढच्या साली तुमाले बोलावनं आमच्या हातात नाही राहनार."

बाबा दोन दिवस शेतावरच होते. तिसऱ्या दिवशी एकतारीची तार आवळता आवळता मला म्हणाले, "ते करंटचं वाद्य केवढ्याले येते, पाह्य बरं जरा."

दादा, ज्या घरात सहा वर्षं गिटार हा शब्द निघाला नाही, तिथे हे ऐकलं मी! चौसष्टच्या जयंतीला बाबांनी माइकवरून तुझं नाव पुकारलं होतं. दोनदा. आणि तू सकाळच्याच गाडीने त्या ऑर्केस्ट्रावाल्यांबरोबर निघून गेला होतास. मी बायकांमध्ये बसले होते, मला कुठे बघावं कळेना. मग त्यांनी एकतारी उचलली आणि एकट्याने म्हटलं. तेव्हापासून तुझं नावही घरात नाही आणि गिटारीचंही. हे तुला टोचायला लिहीत नाही. तुला माहीत असावं की मला किती नवल वाटलं, म्हणून लिहिते.

बाबांच्या गायन पार्टीतल्या पाचही जणांनी खरेदीचं काम माझ्यावर टाकलंय. मास्तरणीला फसवायला दुकानदार भितो, असा त्यांचा समज आहे. पण मला त्यातलं ओ की ठो कळत नाही, तेव्हा सांग. एक गिटार शंभराला आणि दुसरी चारशेला, असा काय फरक असतो त्यात? आवाज जर करंटमधून येतो तर लाकूड कशाला लागतं? आणि लाकूड लागतंच, तर ते आतून पोकळ का नसतं? भोपळा पोकळ नसेल तर एकतारी बोलते का? विकत घेताना आधी काय बघायचं, हात कुठे लावायचा, नाक कुठे मुरडायचं, सगळं लिही. चौदा एप्रिलच्या आत ती आमच्या हातात हवी.

वाजवणार कोण, हे विचारू नकोस. मिळेल कुणीतरी.

तुझी
कोकिळा


धाड
८ फेब्रुवारी १९७०

प्रिय दादा,

तुझं कार्ड मिळालं. सहा ओळी, आणि सहाही ओळी गिटारीच्या! तू कसा आहेस याची एकसुद्धा नाही. पण सल्ला कामाचा होता. एक डोळा मिटून दांड्याच्या टोकापासून सरळ बघायचं, बंदुकीतून नेम धरल्यासारखं. दांडा वाकडा दिसला की परत ठेवायची. प्रत्येक पट्टीवर तार दाबून पाहायची, कुठे भुणभुण येते का. बटण फिरवताना खरखर झाली तर भाव पाडायचा. पाठ करून टाकलं.

परवा बाबा, नारायणराव ढोलकीवाले आणि मी अकोल्याला गेलो. दुकानात एकच इलेक्ट्रिक गिटार होती, कलकत्त्याची, कुंकवासारखी लाल. भाव तीनशे चाळीस. नारायणराव तिथेच विरघळले. "मंडपात नुसती टांगून ठेवली तरी लोक उठनार नाहीत," म्हणाले.

बाबांनी काय केलं असेल, सांग. बाजारात भोपळा घेताना करतात तेच. कान लावला आणि नखाने टकटक केलं. पुढून, मागून, कडेला. मग मान हलवून म्हणाले, "मुकी हाय. भरीव लाकूड हाय निस्तं. पाट हाय हा, जेवाले बसाचा." दुकानदार एवढा हसला की त्याचा चष्मा निसटला. त्याने वायर जोडून एक तार छेडली, तेव्हा बाबा दोन पावलं मागे सरकले. पण मत बदललं नाही. "आवाज त्या डब्यातून येऊन राह्यला. हिच्यातून नाही."

मग मी गिटार हातात घेतली. आता ऐक, आणि रागावू नकोस. मी तुझ्यापासून सहा वर्षं एक गोष्ट लपवलीय.

तू गेल्यावर बाबांनी तुझी जुनी लाकडी गिटार गोधडीत गुंडाळून माळ्यावर टाकली. ते पार्टी घेऊन गावोगाव गेले की मी ती खाली काढायची. माय दारात गहू निवडत बसायची, कुणी आलं की खोकायची. गुरू कुठला आलाय! तू कसा धरायचास ते डोळ्यांपुढे आणायचं आणि तसंच धरायचं. उजव्या हाताने दांडा, डाव्याने छेडायचं. पहिलं गाणं यायला मला एक अख्खा उन्हाळा लागला.

तर अकोल्याच्या दुकानात मी तशीच धरली आणि सगळंच चुकायला लागलं. जाड तार हवी तिथे बारीक, बारीक हवी तिथे जाड. मी दुकानदाराला चांगलं खडसावून सांगितलं, "तुमच्या माणसाने तारा उलट्या चढवल्यात." तो म्हणाला, "बाई, तारा बराबर आहेत. तुम्हीच गिटार उलटी पकडली. डाव्या हाताने खाता का तुम्ही?"

मी उजव्या हाताने खाते. डाव्या हाताने खायचा तो तू. मायच्या चापट्या मला आठवतात. तू स्वतःसाठी तारा उलटून घेतल्या होत्यास, आणि मी समजत होते की जगातली प्रत्येक गिटार अशीच असते! सहा वर्षं खपून मी काय शिकले, तर जगात एकट्या तुझ्या गिटारीवर चालेल असं वाजवायला.

हसायला येतंय ना? मलाही आलं, पण बाबा शेजारी उभे होते. आता त्यांना सगळंच समजलं होतं. परतीच्या एस.टी.त खामगाव गेलं, चिखली गेली. बुलढाण्याच्या अलीकडे त्यांनी विचारलं, "किती साल झाले?"

"सहा."

"मायले ठाव होतं?"

"हाव."

घरी आल्यावर माळ्यावरचं गाठोडं त्यांनी स्वतः खाली काढलं आणि माझ्या खाटेवर ठेवलं.

लाल गिटार घेतली नाही अजून. दुकानदार म्हणतो तारा उलटून देईन. चालेल का तसं? आणि तीनशे चाळीस देण्यासारखी आहे का ती?

तुझी उलटी बहीण
कोकिळा


धाड
१ मार्च १९७०

प्रिय दादा,

तुझं कार्ड आलं आणि माझं डोकं भणभणायला लागलं. तू लिहितोस, अकोल्याची घेऊ नको, त्या लाकडाचा दांडा दोन उन्हाळ्यांत वाकेल. बरं. पुढे लिहितोस, भुसावळच्या लोको शेडमध्ये तुळशीराम नावाचा ओळखीचा माणूस आहे, त्याच्याकडे जपानी गिटार आहे, डाव्या हाताची करून घेतलेली, दीडशेला देईल. कुणी डावखुरा मिळत नाही म्हणून पडून आहे.

जपानी, आणि दीडशेला? कलकत्त्याची तीनशे चाळीस असताना? मी पोरांना त्रैराशिक शिकवते दादा, मला एवढं कळतं. चोरीची आहे का? जळालेली? कुणी त्या गिटारीपायी मेलं वगैरे आहे का? डावखुरी आहे म्हणून पन्नास कमी झाले समजू, शंभर समजू. बाकीचे कुठे गेले? चांगली वस्तू स्वस्तात मिळाली की लोक पेढे वाटतात, माझ्या मात्र मनात भुंगा शिरतो. या तुळशीरामाला तू ओळखतोस कसा? तू तर कल्याणला असतोस.

इथे पार्टीची बैठक झाली. नारायणराव लाल गिटारीला चिकटून आहेत. म्हणतात, लोक आधी डोळ्यांनी ऐकतात. त्यात तथ्य नाही असं नाही.

बुलढाण्याच्या लाउडस्पीकरवाल्याने तिसरीच वाट दाखवली. तुझ्या जुन्या लाकडी गिटारीच्या पाठीला भोक पाडून आत तो आवाज उचलणारी पट्टी बसवून देईन म्हणाला, चाळीस रुपयांत. सगळ्यात स्वस्त, आणि माझा हात तिच्यावर बसलेला. सगळे हो हो म्हणाले. मला मात्र ते नको होतं. तिच्या पाठीवर तू खिळ्याने कोरलेलं माझं नाव आहे, 'कोकी', आणि भोक बरोबर त्याच्या वर पडणार होतं. पण पाच माणसांच्या बैठकीत हे कसं सांगणार? जयंती तोंडावर आणि मास्तरीण रडते एका नावासाठी!

मला बोलावंच लागलं नाही. बाबा म्हणाले, "थे घरातली हाय. तिले भोक नाही पाडाचं." नारायणराव म्हणाले, "अहो पन तीनशे रुपये वाचतेत." बाबा म्हणाले, "वाचू दे नाही तं जाऊ दे. नाही म्हटलं नं एकदा."

घरातली आहे म्हणाले दादा. गिटारीला.

पुढच्या पंधरवड्यात भुसावळला जाऊन येते. भानगड असेल तर आत्ताच कळव.

तुझी
कोकिळा


धाड
२२ मार्च १९७०

दादा,

प्रिय वगैरे पुढच्या ओळीत. आधी तुझ्याशी भांडायचं आहे.

भुसावळला मी आणि माय गेलो. माय का आली, ते मला तेव्हा कळलं नाही. गुडघ्यांना तेल लावून सकाळीच तयार बसली होती. बुलढाण्याहून मलकापूर, मलकापूरहून पॅसेंजर. तुळशीराम चांगला माणूस आहे. क्वार्टर झाडून ठेवलं होतं, बायकोने पोहे केले होते. गिटार विकणारा माणूस गिऱ्हाइकासाठी पोहे करतो, हे पहिलं नवल.

गिटार पाहिली. काळपट तपकिरी, लालीचं नाव नाही. दांडा डोळा मिटून पाहिला, सरळ. बावीस पट्ट्यांवर तार दाबली, भुणभुण नाही. बटणं फिरवली, खरखर नाही. तिची घडण उजव्या हाताची, पण तारा उलट्या चढवलेल्या. पट्टा अडकवायचा खिळा एका बाजूचा काढून दुसऱ्या बाजूला लावलेला, जुनं भोक बुजवलेलं. वरच्या कडेला एके ठिकाणी रंग उडालेला, कुणाचा तरी हात वर्षानुवर्षं घासून. मी मांडीवर घेतली आणि दादा, हात आपोआप जागेवर गेले. त्याने रेडिओला वायर जोडून दिली. मी सहा वर्षं जे दबकून वाजवत होते ते पहिल्यांदा मोठ्याने ऐकलं. डोळ्यांत पाणी आलं माझ्या, लपवत नाही.

मग भाव. मास्तरणीने घासाघीस केली नाही तर पार्टीत तोंड दाखवता येणार नाही, म्हणून म्हटलं, "दीडशे जास्त होतात हो."

तुळशीराम म्हणाला, "मंग शंभर द्या."

असा विकणारा तू कधी पाहिलास? मी म्हटलं, "एकशे चाळीस." तो म्हणाला, "कशाले ताई, नव्वद द्या." मी चिडून म्हटलं, "दीडशेच देईन, एक रुपया कमी नाही!" गिऱ्हाईक वर चढतंय आणि विकणारा खाली उतरतोय. त्याची बायको पदराआड हसत होती.

माय तोपर्यंत पोहे खात त्याच्याकडे बघत होती. पोह्यांची बशी खाली ठेवून तिने अगदी साध्या आवाजात विचारलं, "भाऊ, आमचा अर्जुन वेळेवर जेवते काय हो?"

आणि तुळशीराम बोलून गेला, "हाव माय, डबा लावला नं त्यानं."

मग तो जीभ चावून बसला. पण आता काय उपयोग? मायने सगळं काढून घेतलं. ऑर्केस्ट्रा अडीच वर्षांपूर्वीच मोडला. तू कल्याणला रेल्वेच्या वर्कशॉपमध्ये लागलास. खोलीत सहा माणसं, गिटार ठेवायला जागा नाही, म्हणून ती तुझ्या या जुन्या सोबत्याकडे. दोन गिऱ्हाइकं अडीचशे घेऊन आली तरी तू नाही म्हणालास. आणि फेब्रुवारीत तुझं कार्ड आलं. त्याने ते मला दाखवलं. "धाडची मास्तरीण येईल. दीडशे सांग. कुरकुर केली तर मागेल त्या भावात दे. माझं नाव घेऊ नको, बाबा घरात येऊ देणार नाहीत."

तर हा तो भाव. मी त्रैराशिक मांडून बसले होते आणि उत्तर तू होतास.

ऑर्केस्ट्रा मोडला हे आम्हाला का लिहिलं नाहीस रे? अडीच वर्षं मी पोरींना सांगत फिरले की माझा भाऊ मुंबईत वाजवतो. लाज वाटली तुला? मला तुझा राग आला तो गेल्याचा नाही. गेलास तो गेलास. आपलं मोडलं तेव्हा परत येता येतं, हे तुला वाटलं नाही, त्याचा राग आला.

येताना गाडीत मी मायला विचारलं, तुला कधी कळलं? ती म्हणाली, "संशय आधीच होता, इकनारा भाव पाडाले लागला तवा खात्री झाली. मायेशिवाय कोनी भाव पाडते काय?"

दीडशे तुळशीरामाच्या हातात कोंबून आले. गिटार घरी आहे. बाबांना सांगितलेलं नाही. खोटं बोलणार नाही, फक्त सांगणार नाही. सांगितलं तर ते गिटार परत पाठवतील, मग जयंती गेली आणि पार्टीही गेली. पण मनाला बरं वाटत नाही.

बाबांनी तिला नखाने वाजवून पाहिलं. पुढून, मागून. "हेही मुकीच," म्हणाले. मग कडेवरच्या त्या बुजवलेल्या भोकावर त्यांचा अंगठा बराच वेळ फिरत राहिला. "काम साफ हाय," एवढंच म्हणाले आणि शेतावर गेले.

प्रिय दादा, जेवत जा.

कोकिळा


धाड
१५ एप्रिल १९७०

प्रिय दादा,

काल झाली जयंती. तुला एकेक सांगते.

मंडप भरलेला होता. आमची पाळी तिसरी. आमच्याआधीच्या पार्टीकडे दोन गिटारी, पोरं नाचत होती. मी तळहात पदराला पुसत होते. गिटार लाउडस्पीकरच्या मशीनला जोडली. बाबा माइकपाशी गेले आणि सगळ्यांची नावं पुकारायला लागले. ढोलकीवर नारायणराव. मग थांबले. मला चौसष्टचं आठवलं. "गिटारीवर," ते म्हणाले, आणि वळून माझ्याकडे बघितलं, मी तिथे आहे ना याची खात्री करून घेतल्यासारखं. "गिटारीवर कोकिळा किसनराव."

एकदाच पुकारावं लागलं.

कसं वाजवलं ते मी सांगणं बरं नाही, पण दुसऱ्या गाण्याला कुणी चहाला गेलं नाही. पुढच्या रांगेतली पोरं गिटारीकडे मान वाकडी करून बघत होती. बाई वाजवते म्हणून की उलटी वाजवते म्हणून, देव जाणे. तिसऱ्या गाण्यात बाबांनी एकतारी खाली ठेवली आणि एक कडवं नुसतं गिटारीवर म्हटलं. आधी ठरलेलं नव्हतं. त्यांचा आवाज आणि तुझ्या तारा, मधे दुसरं काही नाही. कमिटीच्या मोठ्या माणसाने उतरतानाच पुढच्या सालची तारीख धरायला सांगितलं.

आज सकाळी एस.टी.त बाबा माझ्या शेजारी बसले. गिटार आमच्या दोघांच्या मांडीवर आडवी. धाड दिसायला लागलं तेव्हा विचारलं,

"केवढ्याले घेतली हे?"

"दीडशे."

"अन् अकोल्याची केवढ्याले होती?"

"तीनशे चाळीस."

"हे तिच्याहून सरस हाय. मुकी हाय, पन सरस हाय." बोटांवर काहीतरी मोजलं. "मंग भाव कमी झाला हा. पार्टीनं कोनाचं फुकट घेऊ नाही. बाकीचे द्या लागतीन."

दादा, हे बाबा! वांग्याच्या भावात बाजार डोक्यावर घेणारे! मी म्हटलं, ठीक आहे, भुसावळला मनिऑर्डर करते.

"मनिऑर्डर काऊन? ज्याची चीज हाय त्याच्या हाती देऊ. घ्याले ये म्हना त्याले."

मला सगळं समजलं होतं, तरी खात्री करावीशी वाटली. विचारलं, "कोणाले, बाबा?"

त्यांनी माझा अंगठा धरला आणि त्या बुजवलेल्या भोकावर ठेवला. लाख आणि सागाचा भुसा, गरम असतानाच दाबलेला. मधे एक बारीक खळगा लागला, अंगठ्याचा.

"भोपळ्याचं भोक असंच बुजवाले शिकवलं होतं मी त्याले," ते म्हणाले. "शंभर डाव सांगितलं, अंगठा उचल लवकर, ठसा राहते. अजून तसाच दाबून ठेवते येडं."

म्हणजे गिटार घरात आली त्या दिवसापासून त्यांना ठाऊक होतं. तीन आठवडे त्यांनी मला सांगितलं नाही आणि मी त्यांना सांगितलं नाही. आम्हीही तुझ्याच घरातले की नाही?

तर आता कामाचं. मलकापूरहून बुलढाण्याला दिवसभर गाड्या आहेत. बुलढाण्याहून धाडची शेवटची साडेपाचला, ती चुकवू नकोस. मायने गहू दळून ठेवलेत. तुझी जुनी गिटार माझ्या खाटेवर आहे, तिच्या तारा मी आजच पुसल्या.

आणि बाबा पैसे पुढे करतील तेव्हा कृपा करून भाव पाडू नकोस. त्यांना पुरते द्यायचे आहेत.

कोकी